साडेपाचची घंटा

नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलांना अभ्यंगस्नानासाठी उठवणे हे काही सोपे काम नव्हे. आई पहिली हाक मायेने मारते, दुसरी जरा चढ्या आवाजात, आणि तिसऱ्या हाकेला पांघरूणच ओढून घेते. मूल कुरकुरते, थंडीने काकडत पाटावर येऊन बसते, आणि उटण्याचा खरखरीत हात त्याच्या पाठीवरून फिरू लागतो. हेच मूल पुढे चाळिशीला आले म्हणजे त्या पहाटेच्या आठवणीने गहिवरते. त्या वेळी मात्र त्याला कोणी विचारलेले नसते की, बाबा रे, तुला उठावयाचे आहे काय?

मीही मुलांना पहाटे उठवतो. घरची दोन, आणि ती सोडून आणखी बेचाळीस. या बेचाळिसांना मी घंटेने उठवतो. घंटा म्हणजे शाळेच्या ओसरीत टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. त्यावर लोखंडी दांडक्याचा टोला पडला की साऱ्या वाडीतली कुत्री भुंकू लागतात. गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. आईला मुलाची झोप मोडण्याचा अधिकार आहे, तो तिच्या मायेने तिला दिलेला आहे. माझ्या घंटेला तो कोणी दिला?

आमची वाडी गंगाखेड तालुक्यात आहे. संत जनाबाईंचे गाव म्हणून गंगाखेड सर्वांना ठाऊक असते. गोदाकाठ सोडून बालाघाटाच्या डोंगरांकडे चढत गेलेली आमची वाडी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. जमीन हलकी, पाणी बेताचे. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या दारात लागतात आणि नवराबायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. अशा जोडीला त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसे दोन, हिशेबात कोयता एक. उचल आधीच घेतलेली असते आणि पावसाळ्यात ती खर्चूनही झालेली असते. त्यामुळे जावयाचे की नाही हा प्रश्न निघतच नाही. प्रश्न निघतो तो मुलांचा.

त्यांच्यासाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालते. कारखान्यांचा हंगाम तेच त्याचे सत्र. दोन वर्गखोल्या, एक नळ, धान्याची एक कोठी आणि स्वयंपाकाला गावातल्याच दोन बाया. मुली रात्री जेवून आपापल्या आजीकडे निजावयास जातात आणि पहाटेच्या घंटेवर परततात, मुलगे शाळेतच. मी खालच्या वर्गांना शिकवतो, हंगामात शाळेतच निजतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा तत्त्ववेत्त्यांचे दाखले माझ्यापाशी नाहीत. जे सांगणार आहे ते नळापाशी आणि चुलीपाशी कळलेले आहे.

खरे सांगावयाचे तर मला घंटेचा तिटकारा होता. लहानपणी मी ज्या बोर्डिंगात राहिलो तेथे घंटेनंतर पाच मिनिटांनी येणाऱ्याला सकाळचे खाणे मिळत नसे. ती पाच मिनिटे मोजणारे गृहपती अजून कधीकधी माझ्या स्वप्नात येतात. म्हणून वसतिगृहाचे काम माझ्याकडे आले त्या पहिल्याच वर्षी मी घंटा बंद केली. ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा त्याने उठावे, आवरावे, खावे. घरी नाही का आपण असे करीत? आठ दिवस मी स्वतःवर भलताच खूष होतो.

नवव्या दिवशी सहज लवकर उठून नळापाशी जाऊन उभा राहिलो. सहावी-सातवीतली दांडगी पोरे आधी उठत असत. चुलीवरचे ऊन पाणी त्यांचे, पोह्यांची भरली ताटली त्यांची. दुसरी-तिसरीतली चिमुरडी डोळे चोळीत येत तेव्हा बादलीत थंडगार पाणी आणि पातेल्याला लागलेली खरवड एवढेच उरलेले असे. आठ दिवसांत एकानेही माझ्याकडे तक्रार केली नव्हती. त्यांना वाटले असावे की जगाची रीतच ही. मी मोकळीक दिली होती खरी, पण ती साऱ्यांच्या वाट्याची दांडग्यांनी उचलली होती.

दुसऱ्या दिवसापासून घंटा पुन्हा सुरू झाली, मात्र जराशी बदलून. साडेपाचची घंटा मोठ्यांची. त्यांनी पाणी भरावयाचे आणि बायांना सरपण आणून द्यावयाचे. सहाची धाकट्यांची, आणि नळावर पहिला मान त्यांचा. सातला अभ्यास, आठला नाश्ता, दहाला शाळा, दुपारी शाळेतलीच खिचडी, पाचनंतर खेळ, सातला रात्रीचे जेवण, नऊला दिवे मालवणे. मोठी पोरे महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीत.

वेळापत्रकाच्या या गुणाची पारख आपल्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी शहाण्या माणसांनी पूर्वीच केली आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह सुरू केले आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले ते सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मला त्या दागिन्यांइतकीच तिथली पंगत मोठी वाटते. एका वेळी, एका ओळीत बसावयाचे म्हटले की आधी कोण आणि मागाहून कोण हा वाद मिटतो. आणि आपल्या समाजात निम्मी जात त्या आधी-मागाहूनमध्येच दडलेली असते.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर निघालेली नवोदय विद्यालये हे पुढचे प्रकरण. आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यातले नवोदय वसमतला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा वसमतबरोबर तेही तिकडे गेले. तेथे सहावीला ऐंशी मुले परीक्षेतून निवडून घेतात. आमच्याकडची निवड त्यामानाने सोपी. आईबाप गाडीत बसले की मूल आत.

तर, घंटा मुलांच्या भल्याची आहे एवढे मला पहिल्याच वर्षी पटले. ती नेमकी कोणाला बांधते हे कळावयास मात्र आणखी काही वर्षे जावी लागली, आणि त्यासाठी एका पोराला थंडीत कुडकुडावे लागले.

तीन वर्षांपूर्वीचा पौष महिना. परभणीला माझ्या एका कादंबरीवर चार माणसे बोलणार होती. सहापर्यंत परततो असे सांगून मी दुपारच्या बसने गेलो. भाषणे लांबली. ती माझ्याच स्तुतीची असल्यामुळे मधूनच उठणे मला साधले नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे. कादंबरी कशावर होती म्हणाल, तर मुलाची वाट पाहणाऱ्या एका आईवर. रात्री गंगाखेडला उतरलो आणि सुट्या पैशांसाठी खिशात हात घातला, तो कोठीची किल्ली हाताला लागली. पीठ, डाळ, तेल सारे कोठीत आणि किल्ली माझ्या खिशात!

वाडीत पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बायांनी शेजारपाजारहून भाकरी मागून आणून चतकोर चतकोर वाटली होती. मुले मोजली, तर एकेचाळीसच भरली. तिसरीतले एक पोर नव्हते. कंदील, बॅटऱ्या घेऊन सारी वाडी बाहेर पडली. शेवटी ते सापडले फाट्यावर, जिथे एस. टी. थांबते तिथल्या मोरीच्या कठड्यावर. दप्तर पोटाशी धरून बसले होते. दप्तरात पुस्तके नव्हती. एक सदरा, एक चड्डी आणि जेवणाची ताटली होती. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. ते रागावलेले नव्हते की रडतही नव्हते. म्हणाले, “गुर्जी, सातची घंटा झाली न्हाई. मला वाटलं, तुमीबी गेलाव.”

त्यानंतर कित्येक दिवस मी त्याच्या त्या ‘तुमीबी’चा विचार करीत होतो. मागच्या हंगामापर्यंत हे पोर आईबापांबरोबर फडावर, पाचटाच्या कोपीत राहत असे. फडावर घड्याळ चालत नाही. कारखाना रात्रंदिवस चालू, तेव्हा गाडी येईल ती वेळ भरण्याची. रात्री दोनला आली तर दोनला मोळ्या डोक्यावर घ्यावयाच्या. पोराला जाग यावी तर आई अंथरुणात नसावयाची, भाकर झाकून ठेवलेली असावयाची. भूक त्याच्या ओळखीची होती, अंधारही होता. ओळखीची नव्हती ती एकच गोष्ट, रोज ठरल्या वेळी कोणीतरी आपल्यासाठी असते ही. ती त्याला आमच्याकडे येऊन तीन महिन्यांत कळली होती, घंटेच्या रूपाने. घंटा चुकली तेव्हा त्याने आपल्या अनुभवाप्रमाणे हिशेब मांडला आणि सामान बांधले. त्या हिशेबात चूक काढावयास मला जागा दिसेना. मुलांना शिस्त लागावी म्हणून मी घंटा वाजवीत होतो. त्या रात्री शिस्त मोडली ती माझी.

पण याहून अवघड एक गोष्ट आहे, आणि ती मला अजून सुटलेली नाही. या पोराच्या आईने पहिल्या वर्षी त्याला आणून सोडले तेव्हा ती मला म्हणाली होती, “तिथं माझ्यापशी राहील, पर शाळंत न्हाई. हितं शाळंत राहील, पर माझ्यापशी न्हाई. तुमी शिकलेले हाव, तुमीच सांगा.” मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ठेवा आमच्याकडे. आता वाटते, मी जरा घाईच केली. आम्ही मूल सांभाळतो म्हणून आई मोकळ्या हाताने ऊस तोडते, कोयता जास्त चालतो, मुकादमाची उचल लवकर फिटते, कारखान्याचे गाळप वाढते. मग माझी घंटा वाजते ती मुलासाठी की साखरेसाठी? तुमच्या आमच्या घरी करंज्यांच्या सारणात ही पिठीसाखर पडते तेव्हा त्यात माझ्या या वसतिगृहाचाही वाटा आहे, तो कोणत्या बाजूला मांडावा हे मला कळत नाही. वसतिगृह बंद केले तर आई घरी थांबणार नाही, मूलच फडावर जाईल; म्हणून ते चालू ठेवतो. हे उत्तर खरे आहे. पुरेसे आहे असे मात्र मला म्हणवत नाही.

आणि मग येते सत्राची गोष्ट. अजिंठ्याच्या विहारांतल्या त्या चिमुकल्या खोल्या तुम्ही पाहिल्या असतील. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावयाचे आणि मग पुन्हा वाटेला लागावयाचे, असा वर्षावासाचा नियम होता. आमच्या वाडीचे वर्षही असेच चालते, पावसाळ्यात घर आणि पुढे वाट; फक्त मागे लेकरे ठेवून. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्याला सुरू होते, दिवाळीला दुमडते आणि उन्हाळ्यात संपते. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे तो सांगतो. दिवस मोजले हे चांगलेच झाले. पण त्यांतल्या कोणत्या दिवशी पोर गावात असते हे पाहणेही कोणाच्या तरी वाट्याला यावयास हवे होते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. त्या वसतिगृहांत कारखान्याचे पंचांग भिंतीवर टांगलेले असो, एवढे माझे मागणे आहे.

कारण आमच्याकडे एका वर्षी असे झाले की कागदावर वसतिगृहाची मुदत ३१ मार्चला संपली आणि उसाची मुदत संपेना. पट्टा पडावयास एप्रिल अर्धा सरला. कागद सांगत होता की मुलांनी घरी जावे. घरांना कुलपे! गावात बसून विचार केला. ज्याच्या घरी ज्वारी होती त्याने पायली-दोन पायली दिली, आज्यांनी आळीपाळीने भाकरी थापल्या, किराणा दुकानदाराने डाळ उधारीवर दिली आणि अजून तिचे नाव काढलेले नाही. सोळा दिवस चूल चालली. त्या सोळा दिवसांत वसतिगृह कागदोपत्री अस्तित्वातच नव्हते. साडेपाचची घंटा मात्र रोज झाली. मोठी पोरे कुरकुरत उठत होती, पाणी भरत होती. बंद पडलेल्या वसतिगृहात आपण राहतो आहोत हे त्यांना आम्ही सांगितले नाही.

फाट्यावर सापडलेले ते पोर आता सहावीत आहे, म्हणजे साडेपाचवाल्यांत मोडते. कोठीची किल्ली त्या रात्रीपासून मी खिशात ठेवणे सोडले. ओसरीत रुळाच्या तुकड्याशेजारी खिळा ठोकून तेथे टांगतो. धान्याची किल्ली अशी उघड्यावर ठेवणे कोणत्याही नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास तो पोरगा खेळ सोडून ओसरीपर्यंत येतो, खिळ्याकडे पाहतो आणि पुन्हा खेळावयास जातो. मी पाहिलेसे दाखवीत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई निरोप घ्यावयास आली होती. गाडी वेशीत उभी होती, मुकादम हाका मारीत होता. यंदा तिने मला काही विचारले नाही. ओसरीत आली, खिळ्याला टांगलेल्या किल्लीला एकदा हात लावून पाहिला, आणि गाडीकडे गेली.