अस्तित्वात नसलेलं लेखन

१८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीचा किल्ला सोडून राणी लक्ष्मीबाई रातोरात काल्पीकडे निघाल्या, ती वाट भांडेरवरून गेली. भांडेरपासून समथर काही फार लांब नाही. आज ते उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यात, मोठ तहसिलीत येतं. तेव्हा ते गुर्जर घराण्याचं वेगळं संस्थान होतं. १८१७ मध्ये या संस्थानानं इंग्रजांशी तह केला आणि सत्तावनच्या धामधुमीतही तो मोडला नाही. पुढे अकरा तोफांच्या सलामीचा मान मिळाला. सत्तावनच्याच सुमारास तिथला राजा हिंदुपत मनानं ढळला आणि कारभार त्याच्या राणीच्या हाती आला. म्हणजे एकाच मुलखात, एकाच काळात दोन राण्या. एक सगळं पणाला लावून घोड्यावर बसलेली, दुसरी किल्ल्यात राहून नवऱ्याचं राज्य सांभाळणारी. पहिलीवर सोहराब मोदींनी १९५३ मध्ये टेक्निकलरमध्ये भव्य चित्रपट काढला, २०१९ मध्ये ‘मणिकर्णिका’ आला, मधल्या काळात मालिका झाल्या. दुसरीकडे कोणी फिरकलं नाही.

माझ्या मते पटकथेसाठी दुसरी राणी जास्त चांगली. पहिलीची गोष्ट प्रेक्षकाला शेवटापर्यंत पाठ असते, लेखकाच्या हाती सजावट तेवढी उरते. दुसरीच्या वाड्यात मात्र प्रत्येक दृश्यात पेच आहे. मध्यरात्री वेशीवर चार दमलेले घोडेस्वार पाणी मागायला आले तर द्यायचं का? दिलं तर उद्या गोऱ्या साहेबाला काय सांगायचं? आणि राजा मधेच उठून दरबारात आला, भलतंच काही बोलून गेला तर? हे सगळं मी रचतो आहे, इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण पटकथा सुरू होते ती अशाच जागी, जिथे तांब्याभर पाणी देणं हाही राजकीय निर्णय होऊन बसतो.

आता समजा, समथरच्याच एखाद्या मुलीला हे सुचलं. किल्ला तिच्या रोजच्या पाहण्यातला, बुंदेली तिच्या तोंडातली. तिनं लिहायला घेतलं की पहिला अडथळा लिपीचा. मुंबईत हिंदी चित्रपटाची पटकथा बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहिली जाते आणि संवाद हिंदी असले तरी रोमन अक्षरांत टंकले जातात. बुंदेलीतलं आर्जव, त्यातली बोच, त्यातलं हेल काढून बोलणं रोमन लिपीत शिरताना निम्मं गळून पडतं. जावेद अख्तर संवाद उर्दूत लिहीत असत. पण ते जावेद अख्तर होते. नवख्यानं देवनागरीतली वही पुढे केली की समोरचा माणूस ती उघडण्याआधीच विचारतो, पीडीएफ आहे का?

दुसरा अडथळा घरभाड्याचा. लिहिणं समथरमध्ये बसूनही होतं, पण निर्णय होतात ते अंधेरी-वर्सोव्याच्या चार-सहा किलोमीटरांत. तिथल्या आराम नगरातल्या जुन्या बैठ्या बंगल्यांत कास्टिंगवाल्यांची आणि निर्मात्यांची कचेऱ्या-दुकानं आहेत. आसपासच्या कॅफेत दुपारी नजर फिरवली तर प्रत्येक दुसऱ्या टेबलावर लॅपटॉप आणि संपलेली कॉफी दिसते. त्यातले निम्मे तरी कोणाच्या तरी फोनची वाट पाहत असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे नॅरेशन. या प्रथेचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. महिनोन्‌महिने घासून लिहिलेली शंभर-सव्वाशे पानं वाचायला कोणाला वेळ नसतो, म्हणून लेखकानं ती स्वतः, अभिनयासकट, दीड-दोन तासांत सांगायची. एसी जोरात चालू असतो. निर्मात्याचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला असतो आणि तरीही दर पाच मिनिटांनी थरथरतो. इंटरव्हल कुठे येतो, हे विसाव्या मिनिटालाच विचारलं जातं. ज्याला गोष्ट सांगता येते त्याची गोष्ट विकली जाते. ज्याला फक्त लिहिता येतं तो मागे राहतो. शांत, घुम्या माणसांनी चांगल्या पटकथा लिहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत, पण या खोलीत त्यांचा टिकाव लागत नाही. समथरच्या राणीची गोष्ट तर जवळजवळ न बोलण्याची गोष्ट आहे. ती हातवारे करून कशी सांगायची?

आणि एवढं झाल्यावर येतो तो निकाल: “मजा आली. सेकंड हाफवर जरा काम करा. बघू या.”

पटकथालेखकाच्या वाट्याला येणाऱ्या चढउतारांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात नकाराला फार भाव दिला जातो. मला वाटतं, माणसाला नकार सोसतो. कथा साभार परत आली तर दोन दिवस वाईट वाटतं आणि तीच कथा दुसऱ्या अंकाकडे जाते. लेखक खचतो तो या ‘बघू या’नं. त्यात आशा असते, पण मुदत नसते. काम असतं, पण मोबदला नसतो. सेकंड हाफ पुन्हा लिहायचा, तो कोणत्या कराराखाली, किती रुपयांत, कितव्यांदा, हे कोणी विचारत नाही आणि नवखा तर मुळीच विचारत नाही, कारण विचारलं तर दार बंद होईल ही धास्ती. असा खर्डा वर्षभरात चारदा बदलतो आणि एक दिवस कळतं की निर्मात्यानं दुसराच विषय हाती घेतला. वर ज्याला ‘चढ’ म्हणायचं तो बऱ्याचदा एवढाच, की आपला फोन कोणीतरी उचलला.

याच्या पुढची पायरीही आहे आणि ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. आर. जी. आनंद हे पेशानं वास्तुविशारद, हौसेनं नाटककार. त्यांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं, पुढच्या वर्षी दिल्लीत त्याचे प्रयोग झाले, नावाजलेही गेले. १९५५ च्या जानेवारीत चित्रपट दिग्दर्शक मोहन सेहगल दिल्लीला आले असताना आनंद यांनी त्यांना अख्खं नाटक वाचून दाखवलं. पुढे काही कळलं नाही. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला. प्रांतभेदाच्या भिंती, दोन प्रांतांतली शेजारची घरं, त्यांच्या मुलांचं प्रेम हे सगळं आपल्या नाटकातलं आहे असं आनंद यांचं म्हणणं. ते न्यायालयात गेले, खाली हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर. आणि चित्रपटात हुंड्यासारखे नाटकात नसलेले विषयही होते, असं न्यायालयानं म्हटलं.

कायदा म्हणून हा निकाल मला पटतो. कल्पनेवर मालकी दिली तर उद्या दोन घरांच्या वैरात अडकलेलं प्रेम लिहायला कोणालाच परवानगी उरणार नाही. पण सिनेमाचा धंदा चालतो तो बैठकीत तोंडी सांगितलेल्या कथासूत्रांवर, म्हणजे नेमकं कायदा ज्याला हात लावत नाही त्याच मालावर. एका बैठकीपायी वीसेक वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढणं आनंद यांना शक्य झालं, कारण हाताशी पेशा होता. समथरच्या मुलीजवळ काय असणार? स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथेची नोंदणी करता येते आणि ती जरूर करावी. मात्र त्या नोंदणीनं सिद्ध होतं ते इतकंच की अमुक तारखेला हा मजकूर तुमच्यापाशी होता.

स्ट्रगलच्या गोष्टी आपण फार चवीनं सांगतो. ‘जंजीर’च्या पोस्टरवर आपलं नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी पाठवून मुंबईभर ते रंगवून घेतलं, हा १९७३ चा किस्सा प्रत्येक कार्यशाळेत निघतो. याच झाशी जिल्ह्यातल्या बरुआसागरचे श्यामलाल बाबू राय मुंबईत येऊन ‘इंदीवर’ झाले. सुरुवातीची वर्षं कोरडी गेली आणि १९५१ च्या ‘मल्हार’मधल्या गाण्यानं नाव झालं, हेही सांगितलं जातं. गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगायला उरले ते जिंकलेले. जे तिसऱ्या वर्षी गाडीत बसून परत गेले, ते कुठल्याच कार्यशाळेत बोलायला येत नाहीत. या किश्श्यांचा दुष्परिणाम असा की फुकट राबवून घेण्याला तपश्चर्येचं रूप येतं. नवख्याला पैसे न देणारा माणूस वर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, सलीम-जावेदनी काय कमी सोसलं?

मराठी लेखकांनी यातून आपल्यापुरता मार्ग काढला होता. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरी करत होते आणि चित्रपटांच्या कथा-पटकथा लिहीत होते. विजय तेंडुलकरांचं घर आधी वृत्तपत्रांवर चाललं, नाव नाटकांनी केलं, आणि मग ‘सामना’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ आले. या शेवटच्या दोनांकडे जरा थांबून पाहावं. ‘आक्रोश’चा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपट गप्प राहतो. वकील विचारतो, तो पाहत राहतो. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला माणूस स्वतःच्या बचावासाठी एक शब्द काढत नाही आणि त्या न बोलण्याभोवती सगळा चित्रपट ताणला जातो. ‘अर्धसत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’, तिच्यातून तेंडुलकरांनी पोलीस फौजदाराची ती कोंडी उभी केली. असं लिहायला समोरच्याच्या ‘बघू या’वर चूल अवलंबून नसावी लागते. गप्प राहणारा नायक घेऊन एखादा नवखा नॅरेशनला गेला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहावी. तेंडुलकरांजवळ नाव होतं, दुसरा धंदा होता, आणि मुख्य म्हणजे या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक गोविंद निहलानी होते.

म्हणून ‘एक हात नोकरीत ठेवा’ हा आपल्याकडचा सल्ला मला भित्रा वाटत नाही. पण तो सगळ्यांना परवडत नाही, हेही मान्य करायला हवं. ज्या गावात नोकरीच नाही तिथल्या मुलानं कोणता हात कुठे ठेवायचा? मग पटकथा लिहिणारे उरतात ते ज्यांच्या घरचे दोन-तीन वर्षं पोसू शकतात असे. त्यांच्या पाहण्यातलं जग पडद्यावर येतं आणि समथर फक्त ‘लोकेशन’ म्हणून येतं.

परिस्थिती अगदीच जिथल्या तिथे आहे असं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. एनएफडीसीनं २००७ पासून पटकथाकारांची प्रयोगशाळा चालवली. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या दुरुस्तीनं, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा लेखकाला सोडूनच देता येणार नाही असं ठरवलं. २०२० मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला, तोही मराठी चित्रपटाला. यातलं काहीही लहान नाही. फक्त यातली बहुतेक मदत पोहोचते ती ज्याचा चित्रपट निघाला त्याच्यापर्यंत, किंवा निघण्याच्या बेतात आहे त्याच्यापर्यंत.

माझ्या मते मूळ दुखणं असं आहे: पटकथा हे एकच असं लेखन आहे, जे दुसऱ्या कोणी कोट्यवधी रुपये घातल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. नाटक लिहिणाऱ्या मुलाला पुरुषोत्तम करंडक आहे, १९६३ पासून. राज्य नाट्य स्पर्धा आहे. चार मित्र, एक खाट आणि दोन दिवे यांवर त्याचं लेखन लोकांसमोर उभं राहतं. कथाकाराला अंक आहेत. पटकथाकाराचं मात्र हार्ड डिस्कमध्ये पडून राहतं, आणि त्यानं दहा वर्षांत काय लिहिलं हे त्याच्या आईलाही दाखवता येत नाही.

सत्तावनची झाशी डोळ्यांनी पाहिलेला आपला एक लेखक याच वाटेनं गेला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, वेढ्यात सापडले, लुटले गेले, हात हलवत परत आले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी उतारवयात सगळं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झालं १९०७ मध्ये, त्यांच्या मागे, वैद्यांनी हात फिरवून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी लोकांपुढे आणलं ते १९६६ मध्ये. वाट पाहणं, आणि आपल्या मजकुरावर दुसऱ्याचा हात फिरणं, दोन्ही पटकथाकाराच्या ओळखीचं आहे. पण ते पुस्तक झालं, म्हणून आज कोणीही उघडून वाचू शकतं.

बंगालीत ‘एक्षण’ या नियतकालिकानं सत्यजित राय यांच्या पटकथा छापल्या. सौमित्र चटर्जी त्याच्या संपादकांपैकी एक होते. तिथे पटकथा हा वाचायचा वाङ्मयप्रकार ठरला. आपल्याकडे दर वर्षी दिवाळी अंकांचा ढीग निघतो. त्यांत कथा, कविता, व्यक्तिचित्रं, परिसंवाद, राशिभविष्य सगळं असतं. संपादकांना विनंती अशी की येत्या अंकात एक पटकथा छापावी. चित्रपट न निघालेली, नव्या माणसाची, देवनागरीतली. पूर्ण छापायला पानं नसतील तर पहिला अंकभर छापावी. दीर्घकथेला जे मानधन देता तेच तिला द्यावं आणि खाली लेखकाचं नाव ठळक टाकावं. छापलेली मांडणी हीच ज्यावर कायदा हक्क मानतो ती मांडणी, तारखेसकट. निर्मात्यानं नंतर खुशाल ‘बघू या’ म्हणावं. तोवर चार हजार वाचकांनी ती पाहिलेली असेल.