वारसाचा रकाना

दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींच्या घरी देवाने स्वतःला पुत्र म्हणून दिले, म्हणून दत्तात्रेय. 'दत्तक' हा शब्दही त्याच धातूचा. मग दिलेल्या मुलाने 'मी मूळचा कोणाचा?' असे विचारावे का? विचारावे की, असे मी पूर्वी पटकन म्हटले असते. आता तितके पटकन म्हणवत नाही.

माझे बँकेतले ज्येष्ठ सहकारी अण्णा (सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) 1946 सालचे, जन्म देवळालीचा. तिथे ब्रिटिश लष्कराचा मोठा तळ. मायदेशी निघालेले सैनिक बोटीची वाट पाहत तिथे अडकून पडत, डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' हा शब्दच रूढ झाला. अशाच एका सैनिकाचा हा मुलगा. जन्मदात्री बाळंतपणात गेली. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधल्या एका निपुत्रिक जोडप्याने त्याला दत्तक घेतले, मुंज केली, शिकवले. आईने जाताना एक डबा हाती दिला. आत गणवेशातल्या तरुणाचा फोटो, मागे पूर्ण नाव, आणि इंग्लंडहून आलेले एक पाकीट, त्यावर धाडणाऱ्याचे गाव. पत्र मात्र नव्हते.

निवृत्तीनंतर मला वेळच वेळ. म्हटले, "अण्णा, मी शोधतो."

इंग्लंड-वेल्समध्ये 1837 पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि सूची कोणालाही पाहता येते. पण आपल्या पाटील-जोश्यांसारखेच तिकडेही. एका नावाचे चार निघाले. एकाचे गाव जुळले, मी लगेच फोन केला, "सापडले, 1974 मध्ये वारले." सर्वपित्रीला अण्णांनी त्या नावाने पाणी सोडले. मग मी सावकाश बसलो. 1969 पासून तिकडच्या मृत्यूच्या सूचीत जन्मतारीखही असते. हिशेब केला, तर 1945 साली ते गृहस्थ अवघे 14 वर्षांचे! उभा जन्म सह्या जुळवण्यात गेला आणि इथे मी घाई केली. त्या परक्या घरी पत्र गेले असते तर? अण्णा एवढेच म्हणाले, "नाव तर तेच होतं ना रे? पोचलं असेल ज्याला पोचायचं त्याला."

खरे गृहस्थ 1988 साली गेले. तिकडे प्रोबेट झालेल्या मृत्युपत्राची नक्कल कोणीही मागवू शकतो. बापाच्या खात्यातली शिल्लक आम्ही मुलालाही सांगत नसू, त्यामुळे मला हे जरा विचित्रच वाटले. तरी मागवली. त्यात 'माझी एकुलती एक मुलगी' असे शब्द होते. अण्णांनी ते वाचून कागद मला परत दिला. मयत खातेदारांचे किती दावे मी निकाली काढले असतील! 'याखेरीज अन्य वारस नाहीत' या वाक्याखाली सही घेताना कधी मान वर करून पाहिले नाही.

ती मुलगी आता सत्तरी ओलांडलेली. त्याच पत्त्यावर मतदारयादीत तिचे नाव दिसते. बापाचे नाव जाणण्याचा अण्णांचा हक्क मला पूर्ण मान्य. पण या वयात तिचे दार वाजवून, तू एकुलती एक नव्हतीस, हे सांगण्याचा? दत्तकविधानाचे आपले 2022 चे सरकारी नियम मी काढून वाचले. मोठेपणी मुलाला मूळ शोधता येते, पण जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लावून नाही. त्रयस्थाला तर शोध घ्यायला परवानगीच नाही. अण्णांना ते लागू नाहीत. पण 'त्रयस्थ' हा शब्द मला लागला. इतके महिने हौस कोणाची होती, त्यांची की माझी? कोडे सुटल्याचा आनंद मलाच जास्त झाला होता, खोटे कशाला बोलू.

मी म्हणतो, लिहू नये. अण्णा म्हणतात, "तिनं नको म्हटलं तर गप्प बसेन. पण नको म्हणायला तरी तिला मिळू दे. तेही आपणच ठरवायचं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

पत्र त्यांनी लिहिले आहे, पानभरसुद्धा नाही. 'मला काहीही नको' हे पहिले वाक्य. सध्या ते गुरुचरित्राच्या पोथीच्या फडक्यात आहे. सप्ताह झाला की टाकीन म्हणतात. पाकिटावर पत्ता मी लिहिला होता. तो माझ्या अक्षरात नको, म्हणून काल दुसरे कोरे पाकीट नेऊन दिले.