पावणेदोन भागिले अर्धा

गणित शिकवणाऱ्याला गणित किती यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर सहसा पदवीच्या हिशोबात दिले जाते, आणि शिक्षक-प्रशिक्षणाची वाट तेथेच चुकते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य या दोहोंहून वेगळ्या अशा एका ज्ञानप्रकाराकडे लक्ष वेधले. संकल्पना मुलांना नेमकी कोठे अडते, त्यांच्या चुकीमागे कोणता तर्क असतो आणि तो उलगडायला कोणते उदाहरण उपयोगी पडते, हे जाणणे म्हणजे ते ज्ञान. आपल्याकडील बी.एड.ला ‘आशययुक्त अध्यापन’ हा शब्द परिचित आहे. तो पुष्कळदा तक्ते भरण्यापुरता उरतो, ही गोष्ट वेगळी.

‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो, आणि ते मूल कानावर पडलेला क्रम इमानाने कागदावर उतरवत असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीला ‘वीस एक’ अशी नावे दिली, तेव्हा वाद भाषेच्या अस्मितेवर रंगला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांच्या अडचणीविषयी बोलत होत्या, पण त्या अडचणीचा रोजचा साक्षीदार असलेला शिक्षक चर्चेत जवळजवळ दिसला नाही. संगणकाच्या तासालाही हेच घडते: ‘क्ष = क्ष + १’ पाहून गोंधळणाऱ्या मुलाला बीजगणित चांगले आठवत असते, मात्र येथे ते चिन्ह समानता न सांगता किंमत साठवण्याची आज्ञा देते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे ज्ञान पदवीतून आपोआप येत नाही, याचा बोलका पुरावा लिपिंग मा यांच्या १९९९ च्या ग्रंथात आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवायला आणि त्यावर एखादा प्रसंग रचायला सांगितले. चिनी शिक्षक सर्वच्या सर्व साडेतीन या उत्तरापर्यंत पोहोचले, अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी. आणि अर्थाशी जुळणारा प्रसंग अमेरिकी गटात एकालाच रचता आला, कारण अनेकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘अर्धे करणे’ यांची गल्लत केली. पावणेदोन लिटर तेलातून अर्ध्या लिटरच्या किती बाटल्या भरतील, एवढाच तर तो प्रश्न. सव्वा-दीड-पावणेदोन रोज बोलणाऱ्या मराठी वर्गात तो सहज मांडता यावा, तरी तेथेही बहुधा ‘व्यस्त घ्या आणि गुणा’ एवढेच सांगितले जाते. विशेष म्हणजे चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होते. फरक पडला तो नोकरीत आल्यावर: पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास आणि शाळेतील शिक्षकगटात होणारी पाठांची चर्चा हा तेथे कामाचाच भाग होता.

असा प्रयत्न भारतात झालाच नाही असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक स्वतः प्रयोग करत, शास्त्रज्ञांशी वाद घालत आणि मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडत. पुस्तकांत बदल होत ते त्या अनुभवांवरून. राज्य शासनाने २००२ मध्ये तो बंद केला. रूढ प्रशिक्षण मात्र राज्याकडून जिल्ह्याकडे, तेथून तालुक्याकडे आणि शाळांच्या गटाच्या केंद्राकडे झिरपत येते, प्रत्येक पायरीवर आशय पातळ होतो, आणि शेवटी शिक्षकाच्या हाती सादरीकरणाच्या स्लाइड्स आणि हजेरीपटावरची सही एवढेच उरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. तास मोजणे प्रशासनाला सोपे असल्यामुळे ते मोजले जातीलच; पण त्यांतले निदान निम्मे तास एकाच विषयाच्या शिक्षकांनी एकाच पाठाभोवती बसून घालवले नाहीत, तर वर्गात काहीही बदलणार नाही. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने मुलांच्या चुकांच्या चार वह्या सोबत आणाव्यात, एवढी एक सूचना शिक्षण विभागाने काढावी.