दैव, पण पाचवे
प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेला, त्यात बीआरसीए-2 या जनुकात जन्मतःच बिघाड, असा अहवाल आला की घरात पहिला शब्द उमटतो तो ‘प्रारब्ध’. असा वारसा दुर्मीळ नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोग पसरलेल्या 692 पुरुषांपैकी 11.8 टक्क्यांच्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत वारशाने आलेला दोष सापडला. तो कुणी मागून घेतलेला नसतो. पण म्हणून उपचारांत अर्थ नाही, हे म्हणणे धर्मविचारालाही धरून नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. उरलेल्या चौघांची जागा मात्र त्याला दिलेली नाही. शरीरातही तसेच. बीआरसीए-2 या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. एक सदोष असली तरी दुसरी निभावून नेते. एखाद्या पेशीत तीही गेली की तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही आणि कर्करोगाला वाव मिळतो. पण आशाही इथेच आहे. किमोतले कार्बोप्लॅटिन डीएनएचे धागे एकमेकांत जखडते. निरोगी पेशी त्यातून बरीचशी सावरते, कर्करोगाची ही पेशी सावरू शकत नाही. नेहमीचे डोसेटॅक्सेल पेशीचे विभाजन रोखते, त्याची वाट वेगळी. म्हणून औषध निवडताना हा वारसा ठाऊक असणे मोलाचे.

औषधही शेवटी हरते, असा आक्षेप येईल. खरे आहे. औषधाच्या माऱ्याखाली काही पेशींत त्याच जनुकात नवा बदल होतो, दुरुस्ती पुन्हा सुरू होते आणि औषध चालेनासे होते. पण फळ अपुरे म्हणून कर्म व्यर्थ, हा हिशेब गीतेचा नव्हे. हाडांचे दुखणे कमी झालेले काही महिने हेही फळच. आणि त्रास सोसवेना तेव्हा किमो थांबवणे, हाही कर्त्याचाच निर्णय.

दुसरा आक्षेप जास्त क्रूर आहे: असा वारसा असलेल्या घरी जन्म येणे हे पूर्वजन्मीच्या पापाचेच फळ. पण त्याच घरातही सदोष प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. एका भावाला ती मिळते, दुसऱ्याला नाही. आणि मिळालेल्या प्रत्येकाला रोग होतोच असेही नाही. पूर्वजन्म मानणाऱ्याने मानावा, पण त्यातून रुग्णाला दोषी ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. अशा दोषारोपामुळे अहवाल दडवलेही जातात, विशेषतः मुलींपासून, त्यांची लग्ने अडतील या धास्तीने. हाच बिघाड स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. चाचणी करायची की नाही हे मुलीने ठरवायचे आहे, आणि वडिलांचा अहवाल तिला दाखवला नाही तर तिला ते ठरवताच येत नाही.