देव उघडा पडला तेव्हा

तिरुवण्णामलैचा अरुणाचल हा शंकराचा डोंगर नव्हे. तिथं डोंगर हाच शंकर. भाविक त्याला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात. रमण महर्षी १८९६ मध्ये सोळाव्या वर्षी घर सोडून इथं आले, ते १९५० मध्ये देह ठेवीपर्यंत इथलेच झाले.

१९४९ मध्ये त्यांच्या दर्शनाला आन्री ल सो नावाचा फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू आला. वेदान्ताची पूर्तता ख्रिस्तात होते, हे तो मनाशी पक्कं करून आला होता. पुढच्या वर्षी त्यानं सहकाऱ्याबरोबर कावेरीकाठी शांतिवनम आश्रम काढला, भगवी वस्त्रं घेतली, अभिषिक्तानंद झाला. पण १९५२ पासून तो अरुणाचलाच्या गुहांत राहू लागला आणि पूर्ततेचा तो हिशेब विस्कटला. कोण कुणात पूर्ण होतं, हा प्रश्नच तिथं टिकेना. पुढची वीसेक वर्षं डायरीभर हीच ओढाताण आहे. त्यानं धर्म बदलला नाही, प्रार्थनाविधी सोडला नाही. उपनिषदंही सोडली नाहीत. १९७३ मध्ये इंदूरला तो वारला.

मला हा माणूस सर्वधर्मसमभावाच्या भाषणांपेक्षा जवळचा वाटतो. 'सगळे धर्म एकच' म्हणणाऱ्याच्या मनात ते 'एक' बहुधा त्याच्या स्वतःच्या घरचं असतं. अद्वैत हा शब्द जास्त सावध आहे. तो 'एक' म्हणत नाही, 'दोन नाहीत' एवढंच म्हणतो, आणि पुढचं ज्याचं त्याला सोसायला लावतो.

निसर्गाच्या बाबतीत मात्र हेच अद्वैत अडचणीत येतं. जग मिथ्या, तर झाड लावायचं कशाला? आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानाचंच खंडन केलं आणि जगाला चैतन्याचा विलास म्हटलं. मायेपेक्षा ही वाट झाडाला सोयीची. पण तत्त्वज्ञान सोयीचं असलं म्हणून डोंगर हिरवा राहत नाही. साक्षात शंकर असलेला अरुणाचल लाकूडतोड, चराई आणि वणव्यांनी १९८० च्या दशकापर्यंत उघडाबोडका झाला होता. प्रदक्षिणा चालूच होती.

मग रमणाश्रमातून एका संन्यासिनीचं पत्र गेलं, ते थेट ऑस्ट्रेलियात, वर्षावनांसाठी झगडणाऱ्या जॉन सीड यांना. सीड हे नॉर्वेच्या आर्ने नेस यांच्या विचारातले. 'डीप इकॉलॉजी' हा शब्द नेस यांनी १९७३ मध्ये, अभिषिक्तानंद गेले त्याच वर्षी, लेखातून मांडला. झाड, नदी, डोंगर हे आपल्याच विस्तारलेल्या 'स्व'चा भाग, ही त्यांची धारणा. आणि ती घडवण्यात गांधी आणि गीता यांचा वाटा होता. म्हणजे इथलाच विचार गांधींच्या हातून नॉर्वेला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला, आणि पत्राला उत्तर म्हणून घरी आला. आपल्याच घरच्या वस्तूला असा लांबचा फेरा का लागावा, याची मला थोडी लाज वाटते.

उत्तरात अध्यात्म कमी, रोपवाटिका जास्त होती. स्थानिक जातींची रोपं, उन्हाळ्यात पाणी, वणवा येण्याआधी काढलेल्या जाळरेषा. दगडात खड्डा घेताना डोंगर आणि आपण दोन की एक, हे विचारायला कुणाला फारशी उसंत नसते.