दयेला विवेकाची जोड

जीवदया हा आपल्या धर्माचा प्राण आहे, हे सांगावयास नको. देवळाच्या कुंडातील माशांना लाह्या घालणे, विकत घेतलेले मासे पाण्यात सोडणे, ही कृत्ये आपण पुण्यकारक मानतो. परंतु सोडलेला जीव पुढे इतर जीवांचे काय करतो, याचा जाब पुण्यकर्त्याने द्यावयाचा की नाही?

एक उदाहरण घेऊ. निळ्या परांचा महसीर हा दख्खनच्या नद्यांतील मासा. साइक्सने १८३९ साली त्याचे वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. तो विरळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यास त्याची पैदास झाली आणि १९७० नंतर त्याची पिले दूर कावेरीतही सोडण्यात आली. हेतू निर्मळ होता. पण कावेरीच्या खोऱ्यात, जगात अन्यत्र कोठेही नसलेला, पाठीवर वशिंड असलेला महसीर नांदत होता. पाहुणा वाढला, धरणे, वाळूउपसा आणि चोरटी मासेमारी यांनी आधीच गांजलेला घरधनी ओसरला. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले ते २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचे जाहीर झाले!

मग दोष कोणाचा? 'परका म्हणून वाईट' असे आम्हा लष्करवासी मराठी मंडळींनी म्हणणे हास्यास्पद होईल. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, तिच्या मागोमाग आपले पूर्वज आले. मात्र मनुष्य नव्या गावची भाषा शिकतो, शेजार जपतो, स्वतःस आवर घालू शकतो. माशाला तो विवेक नाही. तो भुकेच्या आज्ञेत वागतो. म्हणूनच दोष माशाकडे जात नाही, तो सोडणाऱ्या हाताकडे येतो.

कोणी म्हणेल, हेतू शुद्ध असता दोष कसला? नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याचा हेतूही शुद्धच असतो. अजाणतेपणी घडलेले क्षम्य. जाणण्याची सोय असता न जाणणे क्षम्य नव्हे. डासांच्या निर्मूलनार्थ १९२८ साली भारतात आणलेला गॅम्बुशिया स्थानिक माशांची अंडी व पिले खातो. थाई मांगुरावर तर २००० सालापासून बंदी आहे. हे आज सर्वांस ज्ञात होण्याजोगे आहे.

तेव्हा घरच्या काचपेटीतील मासे तिघऱ्याच्या जलाशयात वा देवळाच्या कुंडात सोडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. एका जीवावर दया करताना, ज्यांना आपण पाहिलेही नाही अशा जीवांचा घास तर हिरावला जात नाही ना, एवढे विचारणे हाही धर्मच होय.