आयदर ऑर सर्व्हायव्हर

जमिनीवर दोन पायांवर नीट उभं राहता येत असताना काही माणसं तेरा हजार फुटांवरून उडी का मारतात, हा एक प्रश्न झाला. पण तीच माणसं पुढच्या सुट्टीत पाठीला हवेचं नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी का जातात, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. एखाद्याला उंची आवडावी, समजू शकतो. एखाद्याला खोली आवडावी, तेही समजू शकतो. पण ज्याला वरचा मजला आवडतो, तळघर आवडतं आणि मधला मजला तेवढा आवडत नाही, अशा माणसाचं करायचं काय?

आम्ही पडलो मधल्या मजल्यावरचे. चिखलोली म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या बेचक्यातलं गाव. उंच म्हणावं तर लांबून दिसणारा मलंगगडाचा डोंगर आणि खोल म्हणावं तर धरण. पावसाळ्यात रस्त्यावरचे खड्डेही धरणाशी स्पर्धा करतात. गावाच्या नावातच चिखल, त्यामुळे इथला माणूस मुळात पाय जपून टाकणारा. त्यात मी बँकेत कारकून. ‘धोका’ हा शब्द आमच्याकडे फक्त सर्क्युलरमध्ये येतो, आणि सर्क्युलर वाचून खाली सही करायची असते.

तरी हा प्रश्न माझ्या घरात शिरला तो भाचीमुळे. ती पुण्याला नोकरी करते. आधी तारकर्लीला जाऊन समुद्राखाली फिरून आली. मग म्हणाली, “मामा, आता विमानातून उडी मारणार. हरियाणात नारनौलला सोय आहे.” ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हरियाणा मीच वसवला.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्ट बंद असूनही वेळ लागला नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, “पैशाचा माज.” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “लग्न लावून टाका, म्हणजे उड्या आपोआप थांबतील.” काकूंचा हा अंदाज निदान शीतल महाजन यांच्या बाबतीत चुकला आहे. पुण्याच्या या बाईंनी २००४ च्या एप्रिलमध्ये आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. (आमच्याकडे पहिली बदली कर्जतला झाली तरी आई डोळ्यांना पदर लावते.) २००६ साली दक्षिण ध्रुव झाला. २००८ साली लग्न झालं, तेही उष्ण हवेच्या फुग्यात बसून, जमिनीपासून साडेसातशे फुटांवर. वऱ्हाडी मंडळींनी अक्षता कुठल्या दिशेने टाकल्या असतील, या विचाराने मी बेचैन होतो. २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली. लग्नाने काही थांबलं नाही.

आणि दोन्हीकडचं उदाहरण हवं असेल तर अर्चना सरदाना आहेत. मूळच्या काश्मीरच्या, नौदल अधिकाऱ्याच्या पत्नी, मुलांच्या आई. विमानातून उड्या झाल्या. विमान नको म्हणून पुलावरून आणि कड्यावरून पॅराशूट घेऊन उड्या झाल्या. आणि मग त्या पाण्याखाली उतरायला शिकल्या आणि शिकवूही लागल्या. म्हणजे भाचीचा हा रोग एकटीचा नाही.

मानसशास्त्रज्ञांनाही याचा वास आधीच लागला होता. मार्विन झुकरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ साली माणसाची थराराची हौस मोजणारी एक प्रश्नावली काढली. पुढे सुधारलेल्या प्रश्नावलीत पाण्याखाली जायला आवडेल का आणि पॅराशूटने उडी मारायला आवडेल का, हे दोन्ही प्रश्न एकाच सदरात आहेत. मी मनातल्या मनात ती सोडवली. मला मार्क पडले नाहीत. पण आमच्या ब्रँचमध्ये मार्क न पडणं हीच पात्रता असते.

मात्र ‘थराराची हौस’ एवढं म्हणून हिशेब जुळत नाही. भाचीला विचारलं तर ती थराराबद्दल बोलतच नाही. ती म्हणते, “मामा, वजनच नसतं रे!” ताई म्हणाली, “मग दळणाचा डबा घेऊन ये, त्याला आहे.” पण पोरीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. उडी मारल्यावर थोड्याच वेळात वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिथे थांबतो, कारण खालून हवेचा रेटा अंगाच्या वजनाइतकाच होतो. मग पडतोय असं वाटत नाही, वाऱ्याच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. पाण्याखाली अंगातल्या जॅकेटात हवा कमी-जास्त करून तोल साधला, की माणूस बुडत नाही आणि तरंगतही नाही. जन्मल्यापासून पृथ्वी आपल्याला खाली ओढते आहे; तिच्याकडून थोडा वेळ सूट मिळायच्या या दोन जागा. एकीकडे हवा उचलून धरते, दुसरीकडे पाणी.

दुसरं साम्य म्हणजे दोन्हीकडे बोलता येत नाही. सगळं खुणांवर. त्यातही पाण्याखाली अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘वर चला’ असा होतो. भाचीला ते शिकवलं होतं. पण रंगीत मासे बघून ती इतकी खूश झाली, की तिने अंगठा वर केला, आणि शिक्षकाने तिला इमानेइतबारे वर आणलं. लोकांचे पैसे पाण्यात जातात, हिचे पाण्यातून वर आले.

आणि तिसरं साम्य माझ्या खात्यातलं आहे. ही माणसं बेफिकीर असतात, असा आपला समज. प्रत्यक्षात त्यांच्याइतकी चिकट तपासणी मी ऑडिटरचीही पाहिलेली नाही. उडी मारणाऱ्याच्या पाठीवर पॅराशूट एक नसतं, दोन असतात; आणि माणूस भलत्या वेगाने ठरावीक उंचीच्या खाली आला, तर दुसरं पॅराशूट आपोआप उघडायची यंत्रणाही असते. पाण्याखाली जाणाऱ्याजवळ श्वासाची एक नळी तोंडात आणि एक जादा असते, आणि शिवाय जोडीदार असतो. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून कान सांभाळायचे. वर येताना श्वास कोंडायचा नाही, कारण छातीतली हवा फुगत जाते. इतकंच काय, पाण्याखालून आलेल्या माणसाने निदान बारा ते अठरा तास विमानातसुद्धा बसायचं नसतं. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणजे दोन्ही छंद असणाऱ्याला पाण्यातून थेट आभाळात जाता येत नाही. मधे मधल्या मजल्यावर मुक्काम करावाच लागतो. नऊवारीचंच घ्या. सव्वाआठ मीटर कापड तेरा हजार फुटांवर सुटलं, तर पॅराशूटची मूठ सापडायची कुठून? ती नेसताना किती ठिकाणी बंदोबस्त करावा लागला असेल, हे वऱ्याच्या तांदळाचा डबासुद्धा दोनदा लावून बघणारी कोणतीही बाई सांगेल.

हे ऐकून माझा या मंडळींबद्दलचा आदर एकदम वाढला. अहो, ही तर आमचीच माणसं! स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोघांच्या हातात; एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने तपासायचं. आम्ही ते दुसऱ्यांच्या पैशासाठी करतो, ते स्वतःच्या जिवासाठी करतात. फरक एवढाच, की आमच्या हातून नजरचूक झाली तर मेमो येतो. त्यांच्याकडे मेमो द्यायला कोणी थांबत नाही.

मग बेफिकीर कोण? भाचीने हा प्रश्न मला एका वाक्यात विचारला. “मामा, तू सकाळी लोकलच्या दारात लटकतोस, तेव्हा तुझं दुसरं पॅराशूट कुठे असतं?” मी उत्तरादाखल आकडे काढले. अमेरिकेत २०२३ साली साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. त्याच वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं गेली. मी कॉमर्सचा असल्याने जाणतो, की हे दोन आकडे एका तराजूत घालायचे नाहीत; लोकलने रोज लाखो माणसं जातात, उडी मारणारे मोजकेच. पण एक फरक गणिताचा नाही. उडी मारणारा धोका मोजून पत्करतो. आपण तो पासाबरोबर मिळतो म्हणून घेतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. समुद्राच्या पोटातून सुखरूप आलेली माणसं समुद्राच्या पाठीवर गेली. धोका खोल पाण्यातच दबा धरून बसतो असं नाही; आपलं लक्ष सुटतं, तिथेही तो येऊन बसतो.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. जीव माझा, मी वाटेल तिथून फेकीन, असं म्हणायचा हक्क माणसाला आहे का? मी बँकेच्या भाषेत सांगतो. जीव हे स्वतंत्र खातं कधीच नसतं, ते जॉइंट असतं. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ हे शब्द आम्ही रोज फॉर्मवर टिकमार्क करून घेतो. त्यांचा अर्थ मनावर घेतला, तर काउंटरवर बसवणार नाही. या खात्यातून एकट्याच्या सहीने पैसे काढता येतात हे खरं, पण खातं दोघांचं असतं हेही खरं. भाचीची उडी विमानातून खाली येईपर्यंतची. त्यातला निव्वळ पडायचा आनंद एखाद्या मिनिटाचा. ताईची उडी तिकीट काढलं त्या दिवशी सुरू झाली आणि फोन येईपर्यंत चालू होती. आनंद कर्जदाराचा, झोप गेली ती जामीनदाराची. आणि तिथल्या फॉर्मवर जामीनदाराच्या सहीला जागाच नसते.

माझ्या मते नीतीचा सगळा प्रश्न या एका रिकाम्या जागेचा आहे. थरार चांगला की वाईट, हा वाद मास्तरांनी खुशाल घालावा. मी एवढंच बघतो, की जामीनदाराला आधी सांगितलं होतं का. भाचीने तो जोखमीचा फॉर्म आईपुढे ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवला. बँकेतल्या माझ्या सगळ्या नोकरीत फॉर्म वाचून सही करणारे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. पेन्सिलीने फुली कुठे आहे एवढंच लोक विचारतात. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांपैकी तर कोणीच घरी सांगत नाही. “आज जरा गर्दी होती,” एवढंच सांगतो.

आणि याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी २०१९ सालचा २७ जुलै आठवायला सांगतो. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. आत हजारावर माणसं होती. तेव्हा एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. वर जाणारे आणि खाली जाणारे, दोघेही आमच्या दाराशी आले आणि मधल्या मजल्यावरची सगळी माणसं सुखरूप बाहेर काढली. ते अर्थातच हौसेने नाही, कर्तव्य म्हणून आले होते. पण पाण्यात किंवा हवेत डोकं शांत ठेवायची विद्या एकच. कोणी ती पगारासाठी शिकतो, कोणी स्वतःच्या पगारातून. त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही, की माणसं हे असलं काही शिकतात तरी कशाला.

नारनौलहून परत आल्यावर भाचीने मोबाइलवर उडीची फिल्म दाखवली. सगळी सोसायटी ‘बापरे’ म्हणत आभाळाकडे बघत होती. ताई एकटी पहिल्याच मिनिटाला अडकली होती. तिने फिल्म तीनदा मागे घ्यायला लावली आणि मग चष्मा काढून म्हणाली, “त्या शिक्षकाने हिचे पट्टे दोनदा ओढून बघितले. दोनदा. चांगल्या घरचा दिसतोय.”